घोळणा फुटल्यावर नाकाला लावायची क्लिप: प्लेटलेट कमी असलेल्या मुलीच्या वडिलांचा अनुभव

नाकाचा मऊ भाग दोन्ही बाजूंनी दाबून धरणारं हे एक लहानसं साधन आहे. दोन पाय, मधे स्प्रिंग किंवा लवचिक प्लास्टिकची कमान आणि टोकांना सिलिकॉनच्या गाद्या. घोळणा फुटला की बोटांऐवजी ही क्लिप लावायची आणि ठरलेला वेळ ठेवायची. माझ्या लेकीला क्रॉनिक आयटीपी आहे, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट या रक्तपेशी कमी होण्याचा लांबलेला आजार, आणि तिच्यासाठी आम्ही दोन प्रकारच्या क्लिपा बरेच महिने वापरल्या आहेत. प्लेटलेट कमी असलेलं मूल घरात असेल तर ही वस्तू घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. पण यातला कोणता प्रकार घ्यावा, कुठे लावावा आणि कुठल्या मुलाला अजिबात लावू नये, हे पाकिटावर जवळजवळ नसतंच. म्हणून इतकं लांबण लावून लिहितो आहे.

मी स्प्रिंगा बनवणाऱ्या कारखान्यात काम करतो. तारेचं गेज, कमानीचा ताण, वापरून वापरून येणारा ढिलेपणा हे माझं रोजचं काम. त्यामुळे क्लिप हातात आल्यावर आधी तिची कमान बघितली आणि मग बाकीचं.

आजाराबद्दल थोडं सांगावं लागेल, कारण क्लिप कितपत उपयोगी हे त्यावर ठरतं. आयटीपीमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच प्लेटलेटना परकं समजते, त्यांना अँटिबॉडी चिकटतात आणि प्लीहा त्या रक्तातून काढून टाकते. एरवी प्लेटलेट ७ ते १० दिवस जगते. या आजारात ती फार लवकर संपते. निरोगी माणसाच्या रक्तात दर मायक्रोलिटरमागे दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात, आणि आयटीपी म्हणतात ते आकडा १ लाखाच्या खाली असेल तर. बहुतेक मुलांमध्ये हा आजार काही महिन्यांत आपला आपण जातो. १२ महिन्यांनंतरही राहिला तर त्याला क्रॉनिक म्हणतात. लेक त्या थोड्या मुलांमधली. तिचा आकडा कधी साठ हजारांवर असतो, कधी पंधरा हजारांवर येतो, आणि खाली आला की आधी नाक सांगतं.

नाकच का, हे मला रक्तविकारांच्या डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. दोन नाकपुड्यांमधला जो पडदा आहे, त्याच्या पुढच्या भागात अनेक धमन्यांची टोकं एकत्र येऊन त्यांचं जाळं झालेलं असतं. त्याला लिटल्स एरिया म्हणतात, किसेलबाखचं जाळं असंही म्हणतात. वरचं आवरण अगदी पातळ. हवा कोरडी झाली, सर्दी झाली, बोट लागलं, की ते फाटतं. मुलांचे बहुतेक घोळणे इथूनच फुटतात. ज्या मुलाच्या प्लेटलेट व्यवस्थित आहेत, त्याच्या फाटलेल्या जागी त्या लगेच गोळा होऊन पहिलं बूच लावतात आणि मग रक्त गोठून ते बूच पक्कं होतं. लेकीकडे ते पहिलं बूचच उशिरा आणि कच्चं बसतं. म्हणून इतर मुलांचं जे पाच मिनिटांत आटोपतं, ते तिचं आटोपत नाही.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. ही जागा पुढे आहे, आणि तिच्यावर बाहेरून दाब देता येतो. शरीरात रक्तस्राव होणारी फार थोडी ठिकाणं अशी सापडतील जी आई-वडिलांच्या दोन बोटांत मावतात.

आता दाबायची पद्धत. मूल बसलेलं हवं, मान किंचित पुढे. मान मागे टाकली की रक्त घशात उतरतं, पोटात जातं, मग उलटी होते, आणि किती रक्त गेलं ते कळतही नाही. नाकाच्या वरच्या भागात हाड आहे, तिथे कितीही दाबलं तरी आतल्या जाळ्यापर्यंत दाब पोचत नाही. नाकाच्या कण्यावरून बोट खाली आणत या, हाडाचा कडकपणा जिथे संपतो त्याच्या खालचा मऊ भाग, तिथे दोन्ही नाकपुड्या पूर्ण मिटतील असं धरायचं. सलग १० मिनिटं. मधे सोडून बघायचं नाही, कारण तयार होत असलेली गुठळी अजून ओली असते आणि तिला हात लावणं म्हणजे ओल्या गिलाव्यावरून थापी काढून घेण्यासारखं आहे. १० मिनिटांनी नाही थांबलं तर पुन्हा १०. आमच्या डॉक्टरांनी आमच्यासाठी घातलेली मर्यादा २० मिनिटांची. त्यानंतर फोन करायचा आणि निघायचं. तुमच्या मुलाची मर्यादा तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या, कारण ती आजारानुसार आणि आकड्यानुसार बदलते.

ऐकायला हे सोपं आहे. रडणाऱ्या, घाबरलेल्या, तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलीचं नाक १० मिनिटं एकाच ताकदीने धरून ठेवणं सोपं नाही. चौथ्या-पाचव्या मिनिटाला बोटांची ताकद उतरते, नकळत पकड सैल होते. तिला माझा हात नकोसा होतो, ती मान फिरवते. रात्री दोन वाजता हे चाललेलं असतं तेव्हा दुसऱ्या हाताने दिवा लावायचा, भांडं धरायचं, हिच्या आईला हाक मारायची. त्या दिवसांत एका सिस्टरांनी वॉर्डात एक युक्ती दाखवली. घसा तपासताना जीभ दाबायच्या ज्या लाकडी पट्ट्या असतात, त्या घेतल्या, एका टोकाला चिकटपट्टीने गच्च बांधल्या, दुसरं टोक मोकळं ठेवलं, आणि तो चिमटा लेकीच्या नाकाला लावला. "हे घ्या, आता तुम्ही जरा बसा," म्हणाल्या. ही युक्ती अनेक इमर्जन्सी विभागांत वापरतात असं नंतर कळलं. तयार क्लिप घ्यायचं आमच्या डोक्यात आलं ते तिथून.

पहिली घेतली ती तारेच्या स्प्रिंगची. स्टेनलेस स्टीलची तार, दोन प्लास्टिकचे पाय, टोकाला सिलिकॉनच्या निमुळत्या गाद्या. बनावट म्हणून चांगली. तारेची टोकं आत वळवलेली, कुठे टोचत नाही. दाब भरपूर, खरं तर गरजेपेक्षा जास्त. मोठ्या माणसाच्या नाकाला ठीक, पण मुलाच्या लहान नाकावर पाय कमी उघडतात, म्हणजे स्प्रिंग ज्या दाबासाठी बनवली आहे तो तिथे पोचत नाही असं वाटेल. प्रत्यक्षात गादी इतकी अरुंद आहे की जेवढा दाब येतो तो सगळा एका चिंचोळ्या पट्टीत गोळा होतो. काढल्यावर लेकीच्या नाकपुड्यांवर जांभळट खूण आणि भोवती टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. प्लेटलेट कमी असताना कातडीवर दाब आला की असे ठिपके उठतात, ते काही दिवसांत जातात, आणि डॉक्टरांनीही त्यात घाबरण्यासारखं काही नाही असं सांगितलं. पण शाळेत जाणाऱ्या मुलीला नाकावर त्या खुणा घेऊन वर्गात बसायचं असतं. तिने सांगितलं, "बाबा, ही मला नको." मला तेवढं कारण पुरेसं होतं. गॉझची दुहेरी घडी मधे घालून पाहिली, खूण कमी झाली, पण क्लिप घसरायला लागली.

एक बारीक दोष आणखी. त्या पाकिटातल्या एका क्लिपच्या गादीवर, साच्याचे दोन भाग जुळतात तिथली शिवण, धारेसारखी उभी राहिली होती. आमच्या भाषेत त्याला बर म्हणतात, आणि तो काढणं हे बनवणाऱ्याचं काम आहे. इतर कुठल्या मुलाला कदाचित जाणवणारही नाही. ज्याला साध्या ओरखड्यातून रक्त येत राहतं त्याच्यासाठी ती धार चालणार नाही. ती क्लिप मी लेकीला लावलीच नाही. कुठलीही क्लिप घ्या, लावण्याआधी गादीच्या आतल्या बाजूवरून स्वतःच्या ओठाचा स्पर्श करून बघा. बोटाच्या कातडीला कळत नाही ते ओठाला कळतं.

दुसरी क्लिप एकसंध प्लास्टिकची, इंग्रजी सी अक्षरासारखी कमान, आणि टोकांना अंगठ्याच्या पेराएवढ्या रुंद, पसरट गाद्या. आम्ही आज वापरतो ती हीच. दाब कमी आहे, पण पसरून येतो, आणि नाकपुड्या मिटायला तो पुरतो. पुरतो की नाही हे बघायची सोपी खूण म्हणजे क्लिप लावल्यावर नाकातून हवा अजिबात जाता कामा नये आणि बोलताना आवाज पूर्ण बंद नाकाचा यायला हवा. दुखून डोळ्यांत पाणी आलं तर दाब जास्त आहे. कातडीवरच्या खुणा हिच्यानेही येतात, आकडा वीस हजारांखाली असला की हमखास, पण फिक्या.

हिचं कमी म्हणजे टिकाऊपणा. प्लास्टिक सतत ताणलेलं राहिलं की त्याचा आकार हळूहळू बदलतो आणि दाब जातो. लेक क्लिप वहीच्या पुठ्ठ्याला लावून ठेवायची, तशी ठेवलेली क्लिप काही आठवड्यांत ढिली पडली. कारखान्यातल्या ताणकाट्याला लावून पाहिलं, नव्या क्लिपच्या मानाने दाब बराच उतरलेला. म्हणून ही क्लिप मोकळी ठेवा, कशाला अडकवून ठेवू नका, उन्हात तापलेल्या गाडीत तर मुळीच नको. तारेच्या स्प्रिंगला हा त्रास नाही. रुंद गादी आणि तारेची स्प्रिंग असं एकत्र कुणी केलं तर मी डोळे मिटून तीच घेईन. ते करणं फार अवघड नाही, हे मी कामाच्या अनुभवावरून सांगतो.

पोहताना लावायची क्लिप चालेल का, असं बरेच पालक विचारतात. अडीअडचणीला चालते, तीही नाकाचा मऊ भागच दाबते. पण तिच्या गाद्या लहान असतात आणि नाकात पाणी जाऊ नये एवढ्यासाठीच ती बनवलेली असते. प्लेटलेट कमी असलेल्या मुलासाठी रोजची म्हणून मी ती सुचवणार नाही.

दोन्ही पाकिटांतल्या माहितीपत्रकांबद्दल मला खरोखर राग आहे. एकातल्या चित्रात क्लिप नाकाच्या मधोमध, हाडाला टेकून लावलेली दाखवली आहे. तशी लावली तर ती तासभर ठेवा, काही उपयोग होणार नाही. वेळ किती, ते दुसऱ्यात लिहिलं आहे, पण मधे काढून बघू नका हे नाही. रक्त न गोठण्याचा आजार असेल तर 'डॉक्टरांना विचारा' एवढं एक वाक्य. विचारायचं काय, हेच तर पालकाला ठाऊक नसतं. आणि मापाबद्दल फक्त 'लहान मुलांसाठी'. कुठल्या वयाच्या, किती रुंदीच्या नाकाच्या? गाद्यांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये छापायला जागा किती लागते?

माहितीपत्रकात असायला हव्या अशा गोष्टींतली सगळ्यात महत्त्वाची ही. क्लिप लावली की पुढून ठिबकणं बंद होतं आणि आपल्याला वाटतं रक्त थांबलं. ते मागून घशात उतरत असू शकतं. क्लिप चुकीच्या जागी असेल तर होतं, किंवा रक्त नाकाच्या मागच्या भागातून येत असेल तर होतं. म्हणून क्लिप लावल्यावर मुलाला गिळू नको, भांड्यात थुंक असं सांगायचं आणि थुंकी बघायची. ती लाल येतच राहिली तर क्लिप नीट खाली सरकवून बघायची, आणि तरीही येत राहिली तर वेळ संपायची वाट न बघता डॉक्टरांकडे निघायचं. मूल फिकं पडलं, चक्कर येते म्हणालं, रक्ताची उलटी झाली, डोक्याला मार लागल्यानंतर नाकातून रक्त आलं किंवा जोराने डोकं दुखतं म्हणालं, तर क्लिप आणि घड्याळ दोन्ही बाजूला ठेवून सरळ इमर्जन्सी.

काही मुलांना ही क्लिप लावूच नये. जे मूल इतकं लहान आहे की ती तोंडात घालेल, त्याला नको. ज्याला स्वतःच्या हाताने काढता येत नाही, ज्याला तोंडाने मोकळा श्वास घेता येत नाही, ज्याला फिट येतात, जे गुंगीत आहे, ज्याला नळीने ऑक्सिजन चालू आहे, त्यांना नको; तिथे माणसाचा हातच हवा, कारण हाताला मुलाचा श्वास कळतो. झोपताना लावून ठेवायची नाही, कुणालाच नाही. एचएचटी नावाचा एक आनुवंशिक आजार आहे, ज्यात नाकातल्या रक्तवाहिन्याच नाजूक आणि वाकड्यातिकड्या वाढतात. त्या मुलांच्या बाबतीत नाकाला काहीही लावण्याआधी त्यांच्या डॉक्टरांचा शब्द घ्यावा. व्हॉन विलेब्रँड आणि हिमोफिलिया हे रक्त नीट न गोठण्याचे आजार, यकृताचे जुने आजार, केमोथेरपी चालू असलेली मुलं, यांच्या घरीही घोळण्याचा हाच त्रास असतो. दाबायची जागा त्यांचीही तीच, पण सोबतची औषधं प्रत्येकाची वेगळी.

आमच्याकडे सोबतचं औषध म्हणजे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड. ते प्लेटलेट वाढवत नाही, झालेली गुठळी लवकर विरघळू देत नाही. जपानमधल्या उताको आणि शोसुके ओकामोतो या संशोधक दांपत्याने १९६२ मध्ये शोधलेलं हे औषध इतक्या वर्षांनी माझ्या मुलीच्या उशाशी आहे, याचं मला मोल आहे. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेतच ते द्यायचं, आणि लघवीतून रक्त जात असेल तर डॉक्टरांना न विचारता मुळीच द्यायचं नाही. तापासाठी घरात फक्त पॅरासिटॅमॉल. आयब्युप्रोफेन आणि ॲस्पिरिन आहे त्या प्लेटलेटचंही काम मंदावतात, म्हणून ती घरात ठेवतच नाही. शाळेच्या आजारपणाच्या खोलीतही तशी चिठ्ठी लावून आलो आहे.

आता क्लिपने घरात खरं काय बदललं ते. दाबायचं काम माझ्या हातातून लेकीच्या हातात गेलं. आधी घोळणा फुटला की ती मला किंवा आईला हाक मारायची आणि आम्ही येईपर्यंत थिजून उभी राहायची. आता ती बसते, मान पुढे करते, नाक एकदा हलकं शिंकरून आतली सैल गुठळी काढते, क्लिप लावते आणि मनगटावरच्या घड्याळाचं टायमर सुरू करते. वर्गातही हेच करते. बाईंना आम्ही इतकंच सांगितलं होतं की तिची मान मागे करू नका, तिला आडवं झोपवू नका आणि १० मिनिटं झाल्यावर आम्हाला कळवा. पहिल्यांदा वर्गात तिने एकटीने हे निभावलं त्या दिवशी बाईंचा फोन आला, आणि लेक मागून सांगत होती, "बाबांना म्हणावं येऊ नका, थांबलंय." फोन ठेवल्यावर मी कितीतरी वेळ मशीन सुरू केलं नाही. तिचा आजार माझ्या हातात नाही, तिच्याही नाही. पण हे एवढं तिच्या हातात आहे, आणि तिला ते ठाऊक आहे.

घरी असताना त्या १० मिनिटांत आम्ही गप्पा मारतो. माझे हात मोकळे असतात, तिचेही. मी बोलतो, ती मान हलवते. एकदा मी तिला विल्यम हॅरिंग्टन यांची गोष्ट सांगितली. हे अमेरिकेतले तरुण डॉक्टर. हा आजार कशामुळे होतो हे तेव्हा कुणालाच नक्की माहीत नव्हतं. १९५० मध्ये त्यांनी आयटीपीच्या एका रुग्णाचं रक्त स्वतःच्या शिरेत घेतलं. काही तासांत त्यांच्या प्लेटलेट कोसळल्या, अंगावर ठिपके उठले, ते आजारी पडले. काही दिवसांनी प्लेटलेट पुन्हा वर आल्या. त्यावरून कळलं की रुग्णाच्या रक्तातलाच काहीतरी घटक प्लेटलेट नष्ट करतो. लेकीने क्लिप लावलेल्या आवाजात विचारलं, "त्यांचाही घोळणा फुटला का?" मला ते सांगता आलं नाही. पण एका डॉक्टरने हे दुखणं काही दिवस स्वतःच्या अंगावर घेऊन पाहिलं, ही गोष्ट तिला फार आवडते, ती पुन्हा पुन्हा ऐकते.

टायमरचा दुसरा उपयोग आम्हाला डॉक्टरांकडे झाला. आधी त्यांनी विचारलं की आम्ही 'खूप वेळ' म्हणायचो. आता वहीत तारीख, कोणती नाकपुडी, किती मिनिटं, हे सगळं लिहिलेलं असतं. रक्तस्रावाची तीव्रता मोजायचं जे आंतरराष्ट्रीय गुणांकन आहे, त्यात वर्षाला ५ पेक्षा जास्त वेळा किंवा १० मिनिटांहून जास्त वेळ नाकातून रक्त येणं ही नोंद घेण्याजोगी गोष्ट मानतात. आणि आयटीपीच्या मुलांमध्ये उपचार ठरवताना डॉक्टर निव्वळ प्लेटलेटच्या आकड्यावर जात नाहीत, रक्त कुठून आणि किती जातं हे बघतात. आकडा कमी पण अंगावर नुसते ठिपके, असं असेल तर बहुतेक वेळा फक्त लक्ष ठेवतात. घोळणा वरचेवर आणि लांब चालायला लागला तर विचार बदलतो. म्हणजे आमच्या वहीतली ती मिनिटं तिची औषधं ठरवण्यात वापरली जातात.

त्या वहीमुळेच डॉक्टरांनी हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा किती ते सांगणारा आकडाही, तपासायला सांगितलं. थोडं थोडं रक्त वारंवार जात राहिलं की शरीरातला लोहाचा साठा आधी संपतो आणि हिमोग्लोबिन नंतर उतरतं. लेक दुपारी शाळेतून आली की झोपून जायची. आयटीपीमध्ये थकवा येतोच, त्यामुळे तो त्याचाच भाग समजला जाणं सहज शक्य होतं. लोह सुरू झाल्यावर ती संध्याकाळी खेळायला जायला लागली. ज्यांच्या मुलांचा घोळणा वरचेवर फुटतो त्यांनी फेरिटिनबद्दल आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावं.

क्लिप हे घोळणा फुटल्यानंतरचं साधन आहे. तो फुटूच नये म्हणून आम्ही पाण्यात मिसळणारं सलाइन जेल सकाळी आणि झोपताना वापरतो. ट्यूबचं कडक टोक नाकात घालायचं नाही, त्याने पडदा खरवडतो. बोटाच्या टोकावर मुगाएवढं घेऊन नाकपुडीच्या आतल्या कडेला लावायचं आणि बाहेरून हलकं दाबून पसरवायचं. खोलीतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास ठेवतो; वाफारा देणारं यंत्र आहे, पण ते रोज धुवावं लागतं, नाहीतर त्यात बुरशी धरते. नखं आठवड्याला कापतो. नाकातला स्टेरॉइड स्प्रे ज्यांना चालू आहे त्यांनी तो मधल्या पडद्यावर न मारता बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेने मारावा. खरं सांगायचं तर जेल नियमित चालू झाल्यापासून क्लिप बाहेर काढायची वेळच कमी येते, आणि दोन्हींतली एकच वस्तू घेता येणार असेल तर आधी जेल घ्या.

दोनदा क्लिप पुरली नाही. रक्त २० मिनिटांनंतरही येत होतं, आम्ही ती तशीच ठेवून रुग्णालयात गेलो. नाकात भरायच्या पट्ट्यांमध्ये दोन जाती असतात, एक नंतर ओढून काढावी लागते, दुसरी आपोआप विरघळते. प्लेटलेट कमी असलेल्या मुलाला विरघळणारी वापरतात, कारण ओढून काढताना खपली निघून पुन्हा रक्त सुरू होऊ शकतं. गर्दीच्या वेळी समोरच्या डॉक्टरांना मुलाचा आजार माहीत नसतो, म्हणून हे आपण आधी बोलावं. सिल्व्हर नायट्रेट या रसायनाने रक्त येणारी जागा जाळून बंद करण्याचा विषय निघाला तर दोन्ही बाजू एकाच वेळी करत नाहीत, पडद्याला भोक पडण्याचा धोका असतो, हेही आपल्याला माहीत असलेलं बरं. क्लिप लावून गेल्याचा तिथे एक फायदा झाला. मुलीचा चेहरा, कपडे रक्ताने माखलेले नव्हते, ती शांत होती, आणि डॉक्टरांना नाक तपासता आलं.

तर घ्यायची असेल तर रुंद गादीची घ्या, दोन घ्या, एक घरी आणि एक दप्तरात. आधी घोळणा फुटलेला नसताना लावून मुलाला १० मिनिटं बसवून बघा, त्याला तोंडाने श्वास घेत निवांत राहता येतं का ते त्यातच कळेल. थांबल्यावर क्लिप झटकन न ओढता दोन्ही पाय बाजूला उघडून काढा, आणि पुढचे काही तास नाक शिंकरू देऊ नका, शिंक आली तर तोंड उघडं ठेवायला सांगा. प्रत्येक वापरानंतर कोमट पाणी आणि साबणाने धुऊन पूर्ण वाळू द्या. गादीला चीर गेली किंवा नाकातून हवा जायला लागली की बदला.